लोबानाच्या झाडांचं गाव

मुलांनो, तुमच्या घरात तान्हं बाळ आहे का? असेल तर आजी बाळाला न्हाऊ-माखू घालते आणि मग निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा नि लोबान टाकून धुरी देते, हे तुम्ही पाहिलं असेल. दर्ग्यावरून जातानाही हाच गोडसर वास येतो.

मध्यंतरी मी वर्गात लोबानाचा एक खडा नेला आणि विचारलं, "ओळखा पाहू, हे काय?" कुणी म्हणालं दगड, कुणी म्हणालं शिळी चिक्की! हा झाडाचा वाळलेला चीक आहे आणि समुद्रापलीकडून आलाय, असं सांगितल्यावर मात्र खडा हातोहात सगळ्या वर्गात फिरला. आपल्या बाजारातला लोबान पुष्कळदा इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरून येतो. तो काढणाऱ्या माणसांच्या गावाला आज जाऊ या.

नकाशा काढा. सुमात्राच्या उत्तर भागात एक लांबोडकं सरोवर दिसेल. हे तोबा सरोवर, सुमारे १०० किलोमीटर लांब! सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी इथं ज्वालामुखीचा महाभयंकर स्फोट झाला आणि त्या खड्ड्यात पाणी साचलं. तोबाच्या ज्वालामुखीची राख तर आपल्यापर्यंत उडत आली होती. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी, बोरी गावाजवळ तिचा थर सापडला आहे.

या सरोवराभोवतीच्या डोंगराळ मुलखात बाताक लोक राहतात. सरोवराच्या नैर्ऋत्येला उंच, थंड पठारावर पांडुमान आणि सिपितुहुता ही त्यांची जोडगावं आहेत. 'पितु' म्हणजे सात आणि 'हुता' म्हणजे गाव. आपल्या आंबेगाव तालुक्यात सातगाव पठार आहे ना, तसंच!

गावात कुणी भेटलं की "होरास!" म्हणायचं. हा त्यांचा रामराम. मूल झालं की आईवडिलांचं स्वतःचं नाव मागं पडतं आणि 'अमक्याचे बाबा', 'अमक्याची आई' हीच त्यांची ओळख होते. शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आयांना हे वेगळं सांगायला नको.

इथले लोक भात पिकवतात, कॉफी लावतात. पण घरात रोख पैसा येतो तो मुख्यतः लोबानाचा. त्यांच्या भाषेत या झाडाला 'हामिंजोन' म्हणतात. सोमवारी पुरुष मंडळी तांदूळ नि मीठमिरची बांधून डोंगर चढू लागतात. जंगलात त्यांची खोपटी असतात. चार-पाच दिवस मुक्काम तिथंच. आठवडा संपता संपता परतायचं, रविवारी चर्चला जायचं, की पुन्हा सोमवार.

आता चीक काढतात कसा? दोराच्या आधारानं माणूस झाडावर चढतो. बुंध्याची वरची साल नि शेवाळ खरवडतो. मग एका हत्यारानं सालीला बारीकशी खाच पाडतो आणि त्याच हत्याराच्या मुठीनं भोवती ठोकतो. झालं, घरी जायचं! खाचेतून चीक पाझरतो, हळूहळू घट्ट होतो. तीन-चार महिन्यांनी येऊन खडे काढून न्यायचे. घाई करून खोल घाव घातला तर झाडच मरणार. आणि कुठलं झाड कुणाच्या घरचं, हे सगळ्यांना पाठ असतं. बाप मुलाला ते झाडांमधून हिंडवत शिकवतो.

हंगामाची पहिली खाच पाडण्याआधी एक गंमत असते. तांदळाचं पीठ, खोबरं आणि साखर कालवून त्याचे मुटके करतात. त्यांवर बोटांचे ठसे उमटतात, अगदी आपल्या मुटक्यांसारखे. मग त्यातला घास आधी झाडाला भरवायचा नि मग आपण खायचा. असं का? गावात एक गोष्ट सांगतात. एका गरीब घरच्या मुलीचं लग्न मनाविरुद्ध ठरलं, ती जंगलात पळून गेली आणि तिचं झाड झालं. तेच हे हामिंजोन, आणि चीक म्हणजे तिचे अश्रू. म्हणून घरात भांडण करून, मनात राग ठेवून या झाडाकडे जायचं नाही. गेलं तर चीक देत नाही म्हणतात! खरंखोटं झाडालाच ठाऊक. पण चार रात्री जंगलात एकटं राहायचं, दोराला लटकायचं, तर डोकं शांत असलेलं बरंच.

मागं भातशेती कोण बघतं? बायका. लावणी एकेकटीनं उरकत नाही, म्हणून आज तुझ्या खाचरात सगळ्या, उद्या माझ्या. याला 'मारसिआदापारी' म्हणतात. उच्चारताना जीभ वळत नसेल तर आपला शब्द वापरा, 'सावड'.

बाताकांची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. ते म्हणतात, आमचा समाज तीन दगडांच्या चुलीसारखा आहे. एक दगड आपल्या कुळातली भावकी. दुसरा, जिथून आपल्या घरात सून आली ते घर. तिसरा, जिथं आपली लेक दिली ते घर. एक दगड निघाला की भांडं कलंडलं! पण मानपान आपल्यापेक्षा उलटा बरं का. आपल्याकडे जावई रुसतो आणि सगळे त्याची समजूत काढतात. तिथं सगळ्यात जास्त मान सुनेच्या माहेरच्यांना. कार्यात स्वयंपाक करायचा, वाढायचं, धावपळ करायची ती जावयाकडच्यांनी! म्हणजे तोच माणूस एका कार्यात पाहुणा म्हणून मिरवतो आणि दुसऱ्या कार्यात घाम गाळतो. बाबांना हे जरूर वाचून दाखवा.

हे सारं ज्या जंगलावर चालतं, ते सरकारी नकाशात गावाचं नव्हतंच. तिथं ते 'सरकारी जंगल' होतं. १९९० च्या दशकात लाकडाचा लगदा करणाऱ्या एका कंपनीला तिथल्या फार मोठ्या प्रदेशाचा परवाना मिळाला. जुनी झाडं तोडायची आणि भराभर वाढणारी निलगिरी लावायची. लगद्याचा कागद होतो. मी हे कागदावरच लिहिते आहे, हेही मला ठाऊक आहे.

२००९ साली करवती गावाच्या झाडांपर्यंत पोचल्या. लोबानाचं झाड मोठ्या झाडांच्या सावलीत, ओलाव्यात वाढतं. भोवतालचं रान उघडं पडलं की उरलेल्या झाडांचाही चीक आटतो. गावकऱ्यांनी तोड अडवली, आणि सगळ्यात पुढं होत्या बायका. खाचरांतून चिखलात भात लावणाऱ्या त्याच बायका! काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा अडवलं. २०१३ साली झटापट होऊन गावातल्या कितीतरी जणांना पोलिसांनी धरून नेलं.

त्याच वर्षी मे महिन्यात इंडोनेशियाच्या घटना न्यायालयानं निकाल दिला, की परंपरेनं लोकांनी राखलेलं जंगल हे सरकारी जंगल नव्हे. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी जकार्तात नऊ समाजांचा त्यांच्या जंगलावरचा हक्क मान्य केला. त्यांत पांडुमान-सिपितुहुता होतं. नकाशावर नेमकी रेघ कुठून काढायची, याचा घोळ त्यानंतरही वर्षानुवर्षं चालला.

आता त्या गावांतली पुष्कळ मुलं शिकायला मेदानला नि जकार्ताला जातात. बाताक आईबापांना मुलांच्या शिक्षणाचं भारी वेड, त्यासाठी ते वाटेल तेवढे कष्ट उपसतात. शिकलेला मुलगा दोर घेऊन झाडावर चढायला परत येईल का? काही येतात, काही नाही.

एक करा. किराणा दुकानातून छोटासा लोबानाचा खडा आणा आणि भिंगातून बघा. करड्या-तपकिरी खड्यात पांढरे ठिपके अडकलेले दिसले, तर ते त्या अश्रूंचे थेंब समजा. निखाऱ्यावर टाकायचा असेल तर मात्र आजीला हाक मारा.