हंगाम, भक्षक आणि गिंडीची हरणे

हरणांच्या शिकारीचा हंगाम ठरवताना तीन गोष्टी बांधून द्याव्या लागतात: वर्षातले महिने, नर की मादी, आणि एका परवान्यावर किती जनावरे. लोकांच्या लक्षात राहतात ते महिने. कळपाच्या वाढीवर खरा परिणाम होतो तो मात्र मादीच्या शिकारीचा. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे शिंगाळे नर टिपले तरी पुढच्या वर्षीची पाडसे फारशी घटत नाहीत. माद्या मारल्या की कळप उतरतो. जुन्या शिकार-नियमांचा कल शिंगाळ्या नराकडे होता आणि मादीला अभय होते. हरणे विरळ झाली असतील तर हे शहाणपणाचेच, पण दाटी झालेला कळप आवरायला हा नियम कुचकामी ठरतो.

दक्षिण भारतात या विचाराला कायद्याचे रूप मिळाले ते निलगिरीत. मोठी जनावरे झपाट्याने कमी होताहेत हे तिथल्या गोऱ्या शिकाऱ्यांना दिसत होते. 1877 मध्ये त्यांनी निलगिरी गेम असोसिएशन स्थापन केली आणि 1879 मध्ये मद्रास सरकारने निलगिरीपुरता शिकार व मासे संरक्षणाचा कायदा केला. बंदीचे महिने आणि परवाना या दोन्ही गोष्टी त्यातून रूढ झाल्या. 1912 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा आला. प्रांतिक सरकारांना आता बंदीचा काळ जाहीर करता येऊ लागला. या कायद्याची यादी मुद्दाम वाचण्यासारखी आहे. तिच्यात हरणे आहेत, कुरंग आहेत, गवे, रानम्हशी, गेंडे, ससेसुद्धा आहेत. वाघ, बिबट्या, लांडगा, कोळसून आणि कोल्हा मात्र नाहीत.

हे विसरून झालेले नव्हते. भक्षकांना सरकार उपद्रवी मानत होते आणि त्यांना मारणाऱ्याला रोख बक्षीस देत होते. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या मांडणीनुसार 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांहून अधिक वाघ, दीड लाखांहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. एकाच सरकारने एका हाताने हरणाला बंदीचा काळ दिला आणि दुसऱ्या हाताने त्याच्या भक्षकाच्या कातड्याचे पैसे मोजले. हरिण वाचवायचे तर त्याला खाणारा कमी करायचा, हा तेव्हाचा सरळ हिशेब होता.

हा हिशेब कुठे फसतो याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या कैबाब पठाराचे आहे. 1906 मध्ये तिथे हरणांसाठी राखीव क्षेत्र झाले, शिकार थांबली आणि पुमा, कोयोटी, लांडगे पद्धतशीर मारले गेले. हरणे वाढत गेली, त्यांनी झाडोरा खरवडून खाल्ला आणि 1920 च्या दशकात ती मोठ्या संख्येने उपासमारीने मेली. आल्डो लिओपोल्ड या वनशास्त्रज्ञाने या प्रकरणातून भक्षकांचे मोल लोकांना पटवले. पुढे 1970 मध्ये ग्रॅम कॉगली याने दाखवून दिले की मूळ आकडे भरवशाचे नव्हते आणि त्याच काळात मेंढ्या-गुरांची चराईही घटली होती. त्याचा आक्षेप रास्त आहे. भक्षक गेले म्हणूनच हरणे वाढली, असे एका कारणावर बोट ठेवता येत नाही. चारा, चराई आणि भक्षक यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

चितळाच्या बाबतीत हंगामाची कल्पना आणखी एका कारणाने अवघड होते. थंड देशांतल्या हरणांचा माज शरद ऋतूत येतो आणि पाडसे वसंतात किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर जन्मतात. त्यामुळे बंदीचे महिने नेमके आखता येतात. चितळाची पाडसे वर्षभर कधीही जन्मू शकतात. काही महिन्यांत ती जास्त दिसतात एवढेच. कळपातल्या नरांची शिंगेही एकाच वेळी गळत नाहीत. काळविटाचेही तसेच, वर्षभर वीण चालू. कोणताही महिना खुला केला तरी गाभण किंवा पाडसाला पाजणारी मादी बंदुकीपुढे येणारच.

स्वातंत्र्यानंतर हा हंगाम हळूहळू मिटला. मुंबई राज्यात 1951 चा वन्यप्राणी व पक्षी संरक्षण कायदा परवान्यांवर चालत होता. 1972 च्या केंद्रीय कायद्यातही सुरुवातीला शिकारीच्या परवान्याची तरतूद होती. 1991 च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. आता अपवाद उरले ते थोडे: माणसाला धोकादायक ठरलेले किंवा बरे न होण्याइतके आजारी जनावर, शास्त्रीय कामासाठीची परवानगी आणि केंद्राने विशिष्ट भागापुरते उपद्रवी ठरवलेले प्राणी. 2025 मध्ये तामिळनाडूने राखीव वनापासून तीन किलोमीटरपलीकडची पिके खाणारी रानडुकरे वनकर्मचाऱ्यांनी मारावीत, अशी व्यवस्था केली. चितळ त्यात नाही.

हे सगळे जमिनीवर पाहायचे तर चेन्नईच्या उत्तरेकडून सुरुवात करावी. गुम्मिडिपूंडी हे उपनगरी रेल्वेच्या उत्तर मार्गावरचे गाव, आंध्रच्या सीमेलगतचे, सिपकॉटच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांसाठी ओळखले जाणारे. त्याच्या पूर्वेकडे पुलिकत सरोवर आणि सरोवर व समुद्र यांच्यामध्ये श्रीहरिकोटा बेट. कोरोमंडल किनाऱ्याचे शुष्क सदाहरित जंगल श्रीहरिकोट्यावर टिकून आहे, आणि दक्षिणेला चेन्नई शहराच्या मधोमध गिंडीतही. मधली सपाटी शेते, कारखाने आणि वस्त्यांनी भरली आहे. जंगलाच्या अशा तुटक तुकड्यांमध्ये हरणे राहतात. वाघ-बिबट्याला लागते तेवढी जागा त्यांत नाही.

गिंडीचे वन एके काळी गव्हर्नरांचे शिकारीचे राखीव रान होते. 1910 मध्ये सुमारे पाच चौरस किलोमीटर राखीव वन जाहीर झाले. त्यातून 1959 ची आयआयटी, गांधी, राजाजी आणि कामराज यांची स्मारके असे तुकडे निघत गेले. 1978 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा 2.7 चौरस किलोमीटर उरले होते. इथे काळवीट आणि चितळ दोन्ही आहेत; चितळ बाहेरून आणून सोडलेला. काळविटाला मोकळे गवत हवे, चितळाला झाडोऱ्याची सावली चालते. लावलेली झाडे, पसरलेली झुडपे आणि इमारती यांनी गवताचे पट्टे आक्रसत गेले, तशी बाजू चितळाकडे झुकली. 2004 च्या गणनेत काळवीट चारशेच्या आसपास होते. चितळ त्याहून कितीतरी जास्त.

इथला सर्वांत मोठा रानटी भक्षक म्हणजे कोल्हा. तो पाडस उचलतो, पण उंदीर, फळे आणि मेलेले जनावर हीच त्याची रोजची भूक. प्रौढ चितळावर तो क्वचितच हात टाकतो. ती जागा भटक्या कुत्र्यांनी घेतली आहे, आणि हाच या प्रश्नाचा गाभा आहे. रानातला भक्षक आणि हरिण एकमेकांना बांधलेले असतात. हरणे घटली की लांडग्याची पिल्ले जगत नाहीत, भक्षक उतरतो आणि हरणांना उसंत मिळते. कुत्र्याचे तसे नाही. त्याचे पोट खानावळीच्या उष्ट्यावर, कचऱ्याच्या ढिगावर आणि माणसांनी घातलेल्या घासांवर भरते. शेवटचा काळवीट उरला तरी कुत्र्यांची संख्या एकानेही कमी होणार नाही. त्याला निसर्गाचे संतुलन म्हणता येत नाही. वर, प्राणी जन्मनियंत्रणाच्या 2023 च्या नियमांनुसार नसबंदी केलेला कुत्रा पकडलेल्या जागीच परत सोडायचा असतो. ती जागा राष्ट्रीय उद्यानाला लागून असली की एक नियम दुसऱ्या कायद्याच्या मुळावर येतो.

महाराष्ट्रातला वाचक याची तुलना कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीशी करू शकतो. 1980 मध्ये जाहीर झालेले हे काळवीट अभयारण्य 2.17 चौरस किलोमीटरचे, म्हणजे गिंडीहूनही लहान. तरी त्याच्या भोवती अहिल्यानगर-सोलापूरची माळराने आहेत, काळवीट शेतात उतरतो आणि त्या माळावर लांडगाही आहे. शेतकऱ्याचे नुकसान होते, भरपाईचा वाद उठतो, पण भक्षक आणि भक्ष्य दोघांनाही चालायला जमीन आहे. गिंडीच्या भिंतीपलीकडे रस्ते आणि गाड्या आहेत.

चितळ पकडून दुसरीकडे नेण्याचा मार्ग कायद्यात बसतो, पण पकडताना बसलेल्या धक्क्यानेच बरीच जनावरे मरतात. मध्य प्रदेशात दक्षिण आफ्रिकेच्या बोमा पद्धतीने, म्हणजे आडोशांच्या नरसाळ्यातून कळप हळूहळू गाडीत चढवून, ही अडचण बरीच कमी झाली. मात्र चितळ कुठे सोडायचे हे नीट ठरवावे लागते. ब्रिटिशांनी अंदमानात सोडलेल्या चितळाला तिथे भक्षक मिळाला नाही आणि त्याने जंगलातली रोपे खाऊन टाकली.

गिंडीत शिकारीचा हंगाम परत आणण्यात अर्थ नाही; भर शहरात बंदूक चालवता येणार नाही आणि कायदाही तिला जागा देत नाही. लांडगा आणून सोडण्याइतकी जमीनही नाही. उरतात ती दोन कामे: भोवतालच्या आवारांतला उघडा कचरा बंद करून कुत्र्यांना उद्यानाबाहेर ठेवणे, आणि झुडपे काढून काळविटाचे गवत मोकळे करणे. दोन्ही आजच्या कायद्यात बसतात. चितळ हलवण्याचा विचार त्यानंतर करावा.