पंपाच्या तोंडाशी मरणारे मत्स्यबीज

शेततळ्याचे पाणी पिकास द्यावे आणि त्याच पाण्यात कटला, रोहू व मृगळ वाढवून चार पैसे गाठीस बांधावे, ही गोष्ट आपल्या शेतकरीवर्गास आता नवी राहिलेली नाही. सन २०१६ मध्ये राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढली, तेव्हापासून तर या जोडधंद्याकडे पुष्कळांचे लक्ष वेधले आहे. माशांचे खाद्य, बीजाची निवड, पाण्यातील प्राणवायू यांविषयी बरेच लिहिले व बोलले जाते. परंतु ज्या पंपाने आपण पाणी उपसतो, तोच पंप पहिल्या दोन-तीन महिन्यांत किती बीज गिळतो, याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. आम्ही महसूल खात्यात कारकुनी करून सेवानिवृत्त झालो असल्यामुळे, जमा आणि शिल्लक यांचा मेळ बसल्याखेरीज आम्हास चैन पडत नाही. प्रस्तुत लेखाचा उगम या जुन्या खोडीत आहे.

तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद तळ्याचे क्षेत्र सुमारे ९ गुंठे भरते. हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकली सोडावी, असा मिश्र मत्स्यपालनाचा सर्वसाधारण दंडक आहे. त्या मानाने अशा तळ्यास ४५० ते ९०० नगच लागतात. इतक्या थोड्या संख्येत शे-दीडशे नग कमी झाले तर उन्हाळ्यात जाळे ओढताना ती तूट स्पष्ट दिसते. मग दोष खंड्यावर, बगळ्यावर, दिवडीवर, आणि कोणी जवळ नसल्यास शेजाऱ्यावर जातो. या सर्वांचा वाटा असतो हे आम्हास मान्य आहे. पण ज्या तळ्यावर ठिबक बसविलेले आहे, त्याच्या मालकाने बीज सोडल्यानंतरच्या पंधरवड्यात वाळूची गाळणी उलट पाण्याने धुताना बाहेर पडणारे पाणी एकदा फडक्यावर धरून पाहावे. आमच्या पाहण्यातील एका ठिकाणी त्या फडक्यावर खवले आणि काटे मिळाले, आणि शेजाऱ्यावरील संशय तेथेच फिटला. गाळणी आहे म्हणून मासे वाचतील, असे समजणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की ती पंपाच्या पुढे बसविलेली असते. तिच्यापर्यंत पोचलेला मासा पंपातून येऊन गेलेला असतो.

हा घात कोणत्या दिवसांत होतो ते आधी पाहू. बीज बहुधा आषाढ-श्रावणात मिळते. त्या वेळी मत्स्यबीज २० ते २५ मिलिमीटर, अर्धबोटुकली त्याहून थोडी मोठी, आणि बोटुकली ५० मिलिमीटरांच्या वर असते. नेमक्या याच सुमारास पावसाने ओढ दिली की खरिपास संरक्षित पाणी देण्यासाठी पंप सुरू होतो. म्हणजे मासा सर्वांत लहान आणि उपसा सर्वांत निकडीचा, अशी गाठ पडते. पुढे रब्बीत पंप अधिक चालतो खरा, परंतु तोपर्यंत मासा ओंजळीएवढा झालेला असतो आणि ओढीतून सहज निसटतो.

आता त्या ओढीचे स्वरूप. पाच अश्वशक्तीचा पंप साधारण २० मीटर उंचीवर सेकंदास सुमारे १० लिटर पाणी टाकतो. तीन इंची सक्शन पाइपातून हे पाणी सेकंदास सव्वादोन मीटर वेगाने धावते. लहान मासा आपल्या शरीराच्या लांबीच्या तीन-चार पट अंतर दर सेकंदास काही वेळ नेटाने पोहू शकतो. म्हणजे २५ मिलिमीटरांच्या बीजाची मजल ८ ते १० सेंटिमीटर. सव्वादोन मीटर कोठे आणि दहा सेंटिमीटर कोठे! एकदा पाइपात शिरलेल्या बीजास परतीचा मार्ग नाही. आत पाण्याचा दाब एकाएकी उतरतो, त्यामुळे माशाच्या पोटातील हवेची पिशवी फुगते, आणि त्यातून जो तरतो त्याची गाठ पंपाच्या फिरत्या पंख्याशी पडते.

असे असले तरी घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण ही ओढ दूरवर पोचत नाही. मोकळ्या पाण्यात टांगलेल्या फूटव्हॉल्व्हकडे पाणी सर्व बाजूंनी येते. तोंडापासूनचे अंतर दुप्पट केले की वेग चौथाईवर येतो. वरील पंपाचे गणित मांडले असता, तोंडापासून ५ सेंटिमीटरांवर वेग सेकंदास ३२ सेंटिमीटर, १० वर ८, २० वर २, आणि ३० सेंटिमीटरांवर एक सेंटिमीटरही नाही. म्हणजे सारा धोका एका वितीच्या आत आहे. वीतभर अंतर राखले की बीज वाचले. उपाय कोणताही केला तरी त्याचे मर्म यातच आहे.

हे न जाणल्यामुळे बहुतेक जण नेमका उलटा उपाय करितात. मच्छरदाणीचा तुकडा किंवा जुन्या लुगड्याचा पदर फूटव्हॉल्व्हवरच घट्ट गुंडाळून सुतळीने बांधितात. येणेकरून मासा पंपात जात नाही हे खरे. पण तो कापडास जाऊन चिकटतो. गणितासाठी व्हॉल्व्ह १५ सेंटिमीटर उंच व तितक्याच व्यासाचा धरू. त्याच्या भोवतालचे क्षेत्र सुमारे ७०० चौरस सेंटिमीटर होते आणि तेथे वेग १४ सेंटिमीटर पडतो. जाळीच्या धाग्यांनी निम्मी जागा अडविली की तो २८ होतो. चार दिवसांत शेवाळाने उरलेल्यातील निम्मी अडविली की ५६. जाळी जितकी बारीक व जितकी मळकी, तितकी उरलेल्या छिद्रांतील ओढ भयंकर. अशा जाळीवर दाबला गेलेला मासा पंप बंद होताच सुटून जातो आणि मालकास वाटते, वाचला. पण त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर व खवले खरचटलेले असतात. त्या जखमेत जंतू किंवा बुरशी शिरून तो चार-आठ दिवसांनी काठाशी मरून पडतो. शिवाय पंपासही पुरते पाणी मिळत नाही, तो खडखडू लागतो आणि पंखा झिजतो. मासा गेला आणि पंपही गेला, असा हा उपाय आहे.

बरोबर उपाय म्हणजे व्हॉल्व्हभोवती पिंजरा करणे. बांबूच्या कांबी किंवा अर्ध्या इंचाचे पीव्हीसी पाइप घेऊन दोन फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच असा चौकोनी सांगाडा बांधावा. तळास फळी किंवा जाड प्लास्टिक लावावे, आणि उरलेल्या पाच बाजूंस गाठी नसलेली मऊ नायलॉनची जाळी ताणून बसवावी. मत्स्यबीज सोडले असेल तर जाळीचे छिद्र दोन मिलिमीटरांच्या आसपास असावे. बोटुकली असेल तर पाच-सहा मिलिमीटर चालते. तारेची जाळी घेऊ नये, तिने अंग कापते. जाळी सांगाड्याच्या बाहेरून बांधावी, म्हणजे ओढीने ती कांबींवर टेकते, व्हॉल्व्हवर जाऊन बसत नाही. पाइप जेथून आत जातो तेथे जाळीचा घोळ पाइपाभोवती आवळून बांधावा. बीज बहुधा याच फटीतून आत शिरते. व्हॉल्व्ह पिंजऱ्याच्या मध्यभागी येईल अशी योजना करावी.

या पिंजऱ्याच्या पाच बाजू मिळून २० चौरस फूट क्षेत्र होते. त्यावर दहा लिटरांचा उपसा वाटला असता वेग सेकंदास अर्ध्या सेंटिमीटरावर येतो; धाग्यांनी निम्मी जागा आणि शेवाळाने आणखी निम्मी अडविली असे धरले तरी सव्वादोन सेंटिमीटरांच्या वर जात नाही. २५ मिलिमीटरांचे बीज इतक्या ओढीत सहज मान वळवून निघून जाते. परदेशांतही याच तत्त्वाने नियम बांधलेले आहेत. अमेरिकेत सन २०१४ मध्ये मोठ्या वीजकेंद्रांसाठी जे नियम झाले, त्यांत पाणी ओढण्याच्या तोंडाशी वेग सेकंदास अर्ध्या फुटापेक्षा, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटरांपेक्षा, अधिक नसणे हा मासे वाचविण्याचा एक मान्य मार्ग ठरविला आहे. आपला पिंजरा त्याहून पुष्कळ सौम्य आहे, आणि आपले बीज नाजूक असल्यामुळे तो तसाच असावा.

पिंजरा ठेवावा कोठे, हाही विचार केला पाहिजे. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या थरात, कटला वर. आणि तिघांचीही लहान पिल्ले काठच्या उथळ पाण्यात घोळक्याने राहतात. म्हणून काठ टाळावा. दोन रिकामे प्लास्टिकचे डबे तरंगते ठेवून त्यांस पिंजरा दोरीने टांगावा, आणि काठापासून शक्य तितका आत, पृष्ठापासून हातभर खाली व तळापासून तितकाच वर राखावा. व्हॉल्व्ह तळास टेकला की खालून येणारे पाणी बंद होऊन वरून येणाऱ्याचा वेग दुप्पट होतो, आणि अस्तराचे प्लास्टिक ओढले जाण्याची भीती राहते ती वेगळीच. ज्या भागात शेतीस रात्रीच्या पाळीची वीज मिळते तेथे अधिक जपावे. अंधारात माशास आजूबाजूच्या खुणा दिसत नाहीत, त्यामुळे आपण वाहत चाललो आहोत हे त्यास वेळेवर उमगत नाही.

ही युक्ती शेतकऱ्याच्या डोक्यातून निघालेली नव्हे. काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्या शहरी हौशी लोकांत ती फार दिवसांची रुळलेली आहे, आणि हल्ली खेड्यांतही मुलाबाळांच्या हौसेने अशी पेटी माजघरात येऊन बसते, म्हणून तिच्याविषयीही दोन शब्द लिहितो. पेटीतील पाणी गाळण्याच्या यंत्रास एक चिरा पाडलेली नळी असते. गप्पी मासा अंडी घालीत नाही, जिवंत पिल्ले देतो. ती जन्मतः इतकी बारीक असतात की त्या चिरांतून सहज आत जातात. लांब शेपटीच्या फायटर माशाचे पर तेथे अडकून फाटतात. त्यावर उपाय म्हणजे नळीच्या तोंडावर मोठ्या छिद्रांच्या स्पंजाचा जाड ठोकळा मधोमध भोक पाडून चढविणे. ओढ स्पंजाच्या साऱ्या पृष्ठभागावर वाटली जाते आणि पिल्लू त्यावर निर्धास्त बसून शेवाळ टिपते. पातळ कापड किंवा बायकी मोजा बांधण्याची चाल आहे. ती आम्हास पसंत नाही, कारण वर सांगितलेला चिकटण्याचा दोष तीत तसाच राहतो. स्पंज आठवड्याने पिळावा, पण नळाच्या पाण्यात नव्हे. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो धुवावा. माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे विष निवविणारे उपयुक्त जंतू स्पंजात वस्ती करून असतात आणि नळाच्या पाण्यातील क्लोरिनने ते मरतात. पिल्ले काढण्यासाठीच पेटी मांडली असेल तर हवेच्या बुडबुड्यांवर चालणारी स्पंजाची गाळणी घ्यावी. तीत पंखाच नाही. हिवतापाच्या डासांसाठी आपल्या विहिरींत गप्पी सोडलेले असतात, त्या विहिरींवरील पंपासही वरील पिंजरा दोन मिलिमीटरांची जाळी लावून उपयोगी पडतो.

एका गोष्टीविषयी मात्र सावध करितो. पिंजऱ्याच्या जाळीवर किंवा पेटीच्या नळीवर मेलेला मासा आढळला, एवढ्यावरून तो ओढीनेच मेला असा पंचनामा करू नये. प्रेत ज्याच्या शिवारात सापडले त्यास धरण्याचा प्रकार आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिला आहे. दुबळा झालेला किंवा मेलेला मासा पाण्याबरोबर वाहत जाऊन तेथे लागणारच. बीज मेलेले आढळले तर ओढीचा संशय घ्यावा. पण वितीएवढा धडधाकट मासा जाळीस लागला असेल तर दोष पाण्यात शोधावा. पहाटे तळ्यावर जावे. मासे पृष्ठभागी येऊन तोंडे वासून हवा घेत असतील तर प्राणवायू कमी पडला आहे, आणि तेथे पिंजरा बदलून काही निष्पन्न होणार नाही. खाद्य थांबवावे, आणि ताजे पाणी असेल तर ते उंचावरून पाडून सोडावे.

पिंजऱ्याची निगा थोडी आहे, पण चुकवून चालत नाही. जाळीचे दोन संच शिवून ठेवावेत. आठवड्याने एक काढून उन्हात वाळवावा आणि दुसरा चढवावा. वाळलेले शेवाळ झटकताच पडते. पंप चालू असता जाळी आत खोल दबलेली दिसली तर आठवड्याची वाट पाहू नये. बीज घेतानाच ७५ ते १०० मिलिमीटरांची बोटुकली घेतली तर दर अधिक पडतो, परंतु बारीक जाळीचे काम उरत नाही आणि मरतूकही कमी होते. ज्यांस निगा राखण्यास माणूस नाही त्यांनी हाच मार्ग धरावा. माघ-फाल्गुनात पाणी उतरू लागले की डब्यांच्या दोऱ्या आखूड कराव्यात. पाणी चार फुटांवर आले म्हणजे पिंजऱ्याच्या वर व खाली मिळून दोनच फूट उरतात. तेथे उपसा थांबवून मासे काढून घ्यावेत, आणि राहिलेले पाणी मग पिकास द्यावे.