कानशिले ठणकतात?

"डॉक्टर, कानशिलं ठणकतात, गोळी द्या," असे म्हणत पाटोद्यात माझ्याकडे नेहमी कोणी ना कोणी येते. मी आधी विचारतो, दुखते कसे?

दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखे दुखत असेल तर ते बहुधा ताणाचे. अपुरी झोप, उपाशीपोटी उन्हात काम, पाणी कमी पिणे यांनी ते वाढते. विश्रांती, वेळेवर जेवण आणि गरजेपुरती पॅरासिटामॉलची गोळी पुरते. एकाच बाजूला ठणका, मळमळ, उजेड नकोसा, ही बहुधा अर्धशिशी. तिच्यावर वेगळी औषधे आहेत. मात्र महिन्यातले १५ दिवस वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते.

वयाच्या ५० वर्षांनंतर प्रथमच कानशील दुखू लागले, तेथील शीर दाबल्यावर दुखली, घास चावताना जबडा दुखला किंवा अंधूक दिसू लागले, तर बाम चोळत बसू नका. ही रक्तवाहिनीची सूज असू शकते आणि उशीर झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. रक्ताची ईएसआर तपासणी करून डॉक्टर स्टिरॉइड लगेच सुरू करतात. ऊसतोडीला गेला असाल तर गावी परतण्याची वाट पाहू नका. तिथलेच रुग्णालय त्याच दिवशी गाठा.