विजेच्या मोटारी : आकडे आणि रोजचा प्रवास

विजेवर चालणाऱ्या मोटारींची निवड करताना, एकदा चार्जिंग केल्यावर मोटार किती किलोमीटर धावते, हाच आकडा प्रामुख्याने पाहिला जातो. मात्र केवळ या आकड्यावर विसंबणे योग्य नव्हे, हे दोन आलिशान मोटारींच्या तुलनेवरून स्पष्ट होते.

मर्सिडीज-बेंझची 'ईक्यूएस ५८०' ही एसयूव्ही २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील चाकण येथे जुळणी होऊन बाजारात आली. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूची 'आयएक्स एक्सड्राइव्ह ५०' आयात होऊन भारतात दाखल झाली. दोहोंची किंमत सुमारे १ कोटी ४० लाख रुपये होती. पहिलीच्या बॅटरीची क्षमता सुमारे १२२ युनिट, तर दुसरीची सुमारे १११ युनिट.

पहिलीचा पल्ला ८०९ किलोमीटर, तर दुसरीचा ६३५ किलोमीटरपर्यंत असल्याचे जाहीर झाले. वरकरणी हा फरक मोठा वाटतो. तथापि पहिला आकडा भारतीय चाचणीचा, तर दुसरा युरोपीय चाचणीचा आहे. भारतीय चाचणीतील वेग तुलनेने कमी असल्याने विजेचा वापरही कमी होतो. युरोपीय चाचणीत पहिल्या मोटारीचा पल्ला सुमारे ६०० किलोमीटरच भरतो. म्हणजेच एकाच मापाने मोजल्यास दोन्ही जवळपास समान ठरतात.

दररोज ५० किलोमीटर प्रवास गृहीत धरला, तर अशा वजनदार मोटारीस साधारणतः १० ते १२ युनिट वीज लागते. घरच्या ७.४ किलोवॅटच्या चार्जरवर ती दोन तासांच्या आत भरून निघते. खंडाळ्याचा घाट चढताना विजेचा खर्च वाढतो. उतरताना त्यातील काही भाग बॅटरीत परत जमा होतो. यास्तव दैनंदिन वापरात पल्ल्यापेक्षा इतर बाबी निर्णायक ठरतात. पहिली मोटार पाच मीटरहून अधिक लांबीची असून तिच्यात सात जणांची सोय आहे. दुसरी किंचित आखूड, वजनाने हलकी आणि पाच जणांसाठी आहे. मोठ्या कुटुंबास पहिली, तर शहरातील अपुऱ्या वाहनतळांवर दुसरी अधिक सोयीची ठरेल.

या मोटारी मोजक्यांनाच परवडणाऱ्या असल्या, तरी त्यांच्या तुलनेतून मिळणारा धडा सर्वांच्या उपयोगाचा आहे. ग्रामपंचायतीस विजेवर चालणारी घंटागाडी घ्यावयाची असो वा शाळेस बस, जाहीर केलेला पल्ला कोणत्या चाचणीचा आहे, रोजचा प्रवास किती आणि चार्जिंगची सोय कोठे, हे तीन प्रश्न खरेदीपूर्वी विचारले गेले, तर सार्वजनिक निधीचा विनियोग अधिक डोळसपणे होईल.