इंग्रजीचा मास्तर कोणत्या रंगाचा?

सिंदीत हा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. सिंदी रेल्वे म्हटले की लोकांना आपला तान्हा पोळा आठवतो, लाकडी नंदी आठवतात. परदेशात इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या नोकऱ्यांशी आपला काय संबंध? संबंध आहे. वर्धा-नागपूर पट्ट्यात बी.एड. झालेली, इंग्रजीत एम.ए. केलेली पोरे आता थायलंड, व्हिएतनाम, कोरियातल्या जाहिराती मोबाईलवर वाचत असतात. वाचता वाचता 'नेटिव्ह स्पीकर' या एका शब्दापाशी ती अडतात. त्या शब्दाचा आज आपण विचार करू.

दक्षिण कोरियाचे उदाहरण घ्या. तिथे भाषाशिक्षकाला मिळतो तो ई-२ व्हिसा. इंग्रजीसाठी तो मुख्यतः ७ देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत-कोरिया आर्थिक करार २००९ साली झाला, १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, आणि त्यात पात्रताधारक भारतीयांसाठी साहाय्यक इंग्रजी शिक्षकाची एक खिडकी उघडली. खिडकीच, दार नव्हे.

आता इथपर्यंत कोणी म्हणेल, हा पासपोर्टचा प्रश्न आहे, रंगाचा कुठे? बरोबर. देशाने व्हिसा कोणाला द्यावा हा वेगळा वाद आहे. पण पुढे बघा. अर्जासोबत फोटो मागतात. मग अमेरिकेचाच पासपोर्ट असलेला, इंग्रजीशिवाय दुसरी भाषा न येणारा काळा माणूस, किंवा न्यू जर्सीत जन्मलेली मराठी घरातली मुलगी, फोटोपाशीच मागे पडते. उलट पूर्व आशियात अनेक ठिकाणी असेही दिसले आहे, की इंग्रजी ज्याची मातृभाषाच नाही असा गोरा युरोपीय माणूस 'नेटिव्ह' म्हणून वर्गात उभा केला जातो. म्हणजे मोजमाप भाषेचे राहिले नाही. चेहऱ्याचे झाले.

आपल्या मुंबई इलाख्यात हे दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेले आहे, आणि तेही इंग्रजीच्या बाबतीत नाही, संस्कृतच्या! रामकृष्ण गोपाळ भांडारकर मुंबई विद्यापीठाचे अगदी सुरुवातीचे एम.ए. एल्फिन्स्टन कॉलेजात ते संस्कृत शिकवत होते, पण हंगामी. त्यांची संस्कृत शिकवणारी क्रमिक पुस्तके शाळाशाळांतून चालत होती. कायमची जागा भरायची वेळ आली तेव्हा, १८७३ साली, विलायतेतून पीटर पीटरसन आले आणि त्या जागेवर बसले. भांडारकरांना प्राध्यापकपदासाठी थांबावे लागले ते डेक्कन कॉलेजात कीलहॉर्न यांची जागा रिकामी होईपर्यंत, म्हणजे १८८० नंतर. पुढे ते विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पण तो पुढचा भाग.

पीटरसन वाईट विद्वान होते असे आम्ही म्हणत नाही. संस्कृत हस्तलिखितांच्या शोधाचे त्यांचे काम मोलाचे आहे. मुद्दा वेगळा आहे. इंग्रजीसाठी साहेब हवा, कारण ती त्याची मातृभाषा, हा युक्तिवाद क्षणभर मान्य करू. मग संस्कृतसाठी साहेब का हवा होता? ती काय स्कॉटलंडची मातृभाषा? कारण बदलत होते, निवड तीच राहत होती. निवड आधी ठरते आणि कारण मागाहून शोधले जाते, तेव्हा तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याने कान टवकारावेत.

हे पुढे नियमातच बसवले गेले. १८९६ च्या रचनेत शिक्षण खात्याचे दोन थर झाले. वरचा थर विलायतेत भरायचा, खालचा प्रांतिक थर इथे. त्याआधीच, १८८५ साली, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांना हिंदी म्हणून कमी पगार देऊ केला होता. त्यांनी तीन वर्षे काम केले आणि पगाराला हात लावला नाही. शेवटी सरकारने मागची बाकी पूर्ण दराने दिली. अशी तीन वर्षे घर कसे चालवले असेल, हा प्रश्न चरित्रकार फार विचारत नाहीत.

आता संस्थाचालकांचे म्हणणे ऐकू. ते म्हणतात, आमच्या मनात काही नाही हो, पालकांनाच गोरा मास्तर लागतो. गिऱ्हाईक मागेल ते दुकानात ठेवायचे. ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये याला फार साधे उत्तर दिले आहे. चांगल्या बासऱ्या कोणाला द्यायच्या? जो चांगली वाजवतो त्याला. दुसरा कोणी कुळाने मोठा असेल, दिसायला देखणा असेल; असू दे. कुळाने बासरी वाजत नाही. गंमत म्हणजे हाच ॲरिस्टॉटल गुलामगिरीचे समर्थनही करतो. पण म्हणून बासरीचा दाखला खोटा ठरत नाही.

पण चेहऱ्याचा परिणाम खरेच कानावर होतो, हे नाकारून चालणार नाही. डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एकाच बाईच्या आवाजातले ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवले. काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. आवाज तोच. तरी आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना परकीय उच्चार 'ऐकू' आले आणि त्यांना व्याख्यान कमी समजले. म्हणजे पालक खोटे बोलत नाहीत, त्यांना तसे ऐकूच येते. त्याची किंमत मात्र शिक्षकाने मोजायची.

रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्याच आपल्या पुस्तकात 'नेटिव्ह' शिक्षकच उत्तम या समजाला भ्रम म्हटले. युगांडातल्या मकेरेरे इथे १९६१ साली झालेल्या परिषदेपर्यंत त्यांनी त्याचा माग काढला. आणि साधा विचार करा : ज्याने भाषा कष्टाने शिकली, त्याला ती कुठे अडते हे ठाऊक असते. आपल्याला मराठीचे व्याकरण कोणी परक्याने विचारले की आपली कशी तारांबळ उडते!

इथे कोरियाला नावे ठेवून थांबलो तर सोयीचे होईल. आपल्याकडे 'कॉन्व्हेंट एज्युकेटेड' शिक्षिका पाहिजे अशी जाहिरात आपण सहज वाचतो. आणि मराठीचे काय? आपला माणूस 'आनि-पानी' म्हणतो, डोळ्याला 'डोया' आणि पोळ्याला 'पोया' म्हणतो. तो मुलाखतीला बसला की समोरचे एकमेकांकडे बघतात. 'शुद्ध' कोणाच्या घरात बोलतात, हे आधीच ठरलेले असते, आणि त्यात जातही असते. सरकारी नोकरीत संविधानाचे कलम १६ आडवे येते. खाजगी नोकरीत मात्र वंश-जातीवरून निवड नाकारली तर धरायला सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये वंशाबाबत तो १९६८ पासून खाजगी मालकालाही लागू आहे.

एका तरुणाने आत्ताच चिठ्ठी पाठवली : मग उच्चार तपासायचेच नाहीत का? तपासावेत की. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांनी उमेदवाराला पडद्याआड बसवून वाजवायला लावायची पद्धत आणली, तसे करता येईल. फोटो मागू नये. पहिली चाळणी नुसत्या आवाजावर करावी. मग वीस मिनिटांचा पाठ घ्यायला लावावा, आणि पाठ संपल्यावर प्रश्न मास्तरला न विचारता वर्गातल्या पोरांना विचारावेत.