कार्बाईडची टाकी गॅस आपोआप कसा बनवते, आणि कुठे चुकते?

सोलापूर : उसाचा गळीत हंगाम तोंडावर आला की माळशिरस, पंढरपूर, माढा, मोहोळ पट्ट्यातल्या वेल्डिंग दुकानांसमोर ट्रॉल्या आणि टायरगाड्यांची रांग लागते. कुणाचा साटा फाटलेला, कुणाचा हूक झिजलेला, कुणाचा अॅक्सल वाकलेला. बहुतेक काम आता लाईटवरच्या वेल्डिंगनं होतं. पण जाड पट्टी कापायची, गंजलेला नट लाल करून सोडवायचा, पितळ ओतून सांधा भरायचा म्हटलं की गॅस लागतोच. काही दुकानांत त्यासाठी भरलेले सिलिंडर असतात. काही ठिकाणी मात्र अजूनही दुकानाच्या मागं किंवा कोपऱ्यात पाण्याची एक टाकी उभी असते आणि शेजारी करड्या खड्यांचा पत्र्याचा डबा. ते खडे म्हणजे कार्बाईड. टाकीत तयार होणारा गॅस म्हणजे अॅसिटिलीन.

या टाकीला कारागीर 'जनरेटर' म्हणतात. तिच्यातून वीज निघत नाही, गॅस निघतो. ती नीट बनवलेली असेल तर गॅस लागेल तेवढाच तयार होतो आणि काम थांबलं की आपोआप थांबतो. नीट बनवलेली नसेल तर काय होतं, हे समजायला आधी हा खडा समजून घ्यावा लागतो.

चुनकळीचा मोठा भाऊ

चुनकळी पाण्यात टाकली की खदखदते, वाफ येते, भांडं हाताला चटका देतं, हे जुन्या माणसांनी पाहिलेलं आहे. कार्बाईड तसंच वागतं, फक्त त्यातून वाफेबरोबर जळणारा गॅसही येतो. कॅल्शियम कार्बाईड म्हणजे चुना आणि कोळसा विजेच्या भट्टीत वितळवून केलेला पदार्थ. पाणी लागलं की त्याचा अॅसिटिलीन गॅस होतो आणि खाली विरलेल्या चुन्याचा गाळ उरतो. शुद्ध अॅसिटिलीनला उग्र वास नसतो. आपल्याला जो लसणासारखा वास येतो तो कार्बाईडमधल्या अशुद्ध घटकांचा. एका अर्थी हा वास उपकाराचाच, कारण गळती त्यामुळेच लवकर कळते.

बाजारातल्या एक किलो कार्बाईडपासून साधारण ३०० लिटर गॅस मिळतो. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. हवेत अॅसिटिलीनचं प्रमाण अडीच टक्के झालं की मिश्रण पेट घेऊ शकतं. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली धरली तर तिच्यात सुमारे २८ हजार लिटर हवा मावते. तिचे अडीच टक्के म्हणजे ७०० लिटर. म्हणजेच दार-खिडकी बंद असलेल्या दुकानात सव्वादोन-अडीच किलो कार्बाईड भिजलं, तर अख्खी खोली स्फोटाला तयार. पावसाळ्यात पत्र्यातून गळणाऱ्या पाण्याखाली उघडा डबा ठेवला तरी एवढं पुरे आहे.

घरगुती गॅस हवेत फार दाट झाला तर पेटत नाही. त्याची वरची मर्यादा दहा टक्क्यांच्या आसपास संपते. अॅसिटिलीन मात्र ८० टक्क्यांच्या पुढेही पेटतो. पेटायला ठिणगीही अगदी बारीक पुरते. लाईटचं बटण दाबताना आत उडते तेवढी.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची डोकेदुखी

अमेरिकेत थॉमस विल्सन नावाचा माणूस १८९२ मध्ये विजेच्या भट्टीत दुसराच धातू काढायला गेला आणि हाती कार्बाईड आलं. बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला धावू लागली, त्याच काळात युरोप-अमेरिकेत घरं, दुकानं, गाड्यांचे दिवे या गॅसवर उजळू लागले होते. ज्योत पांढरीशुभ्र, रॉकेलच्या दिव्यापेक्षा कितीतरी लख्ख. पण टाक्या फुटू लागल्या. मग 'आपोआप चालणारं आणि सुरक्षित' असं अॅसिटिलीन यंत्र बनवण्याची शर्यतच लागली. पेटंटवर पेटंट निघाली. पुढे १९०३ च्या सुमारास फ्रान्समध्ये ऑक्सिजनबरोबर हा गॅस जाळणारा टॉर्च आला आणि दिव्याचा गॅस लोहाराच्या हाती गेला. या ज्योतीचं तापमान तीन हजार अंशांच्या वर जातं. लोखंड दीड हजाराच्या आसपास वितळतं.

तरंगता ड्रम : गोबरगॅसवाल्यांना ओळखीचा

आपोआप चालण्यातली युक्ती ज्यांच्या दारात जुना गोबरगॅस आहे त्यांना लगेच कळेल. तिथं शेणाच्या कुंडीवर लोखंडी ड्रम पालथा तरंगत असतो. गॅस झाला की ड्रम वर येतो, चूल पेटवली की खाली बसतो. अॅसिटिलीनच्या चांगल्या टाकीत हाच पालथा ड्रम मालक असतो. तो दांड्यानं कार्बाईडच्या झडपेला जोडलेला असतो. टॉर्च चालू झाला, गॅस कमी झाला, ड्रम खाली आला की दांडा झडप उघडतो आणि मूठभर कार्बाईड पाण्यात पडतं. गॅस होतो, ड्रम वर उचलला जातो, झडप बंद. टॉर्च बंद असेल तर ड्रम वरच राहतो आणि नवीन खडा पडतच नाही. दाब किती राहणार हे ड्रमच्या वजनावर ठरतं, म्हणून त्यावर दगड ठेवायचा नसतो. 'प्रेशर कमी पडतंय' म्हणून वीट ठेवणारे कारागीर असतात, आणि तिथंच यंत्राची अक्कल संपते.

कार्बाईड पाण्यात पडणं आणि पाणी कार्बाईडवर पडणं, यात मोठा फरक आहे. खडा भरपूर पाण्यात पडला तर त्याची उष्णता पाणी खाऊन टाकतं. एक किलो कार्बाईडची उष्णता दहा लिटर पाण्याला ३५-४० अंशांनी तापवू शकते. दोनच लिटर पाणी असेल तर ते उकळायला लागेल. म्हणून किलोमागं आठ ते दहा लिटर पाणी हा जुना हिशेब आहे. पाण्याची टंचाई असली की गढूळ झालेलं तेच पाणी आठवडाभर वापरायचा मोह होतो. पण चुन्याच्या घट्ट गाळात पडलेला खडा थंड होत नाही. तो आतल्या आत तापतो आणि अॅसिटिलीन तापला की स्वतःच फुटू पाहतो.

उलट प्रकारात खड्यांच्या डब्यावर थेंब थेंब पाणी सोडतात. सायकलचे आणि खाणीतले जुने कार्बाईड दिवे असेच चालायचे. दिव्यापुरतं ते ठीक. मोठ्या टाकीत मात्र पाणी बंद केलं तरी ओल लागलेले खडे गॅस सोडतच राहतात.

गावाकडच्या अनेक टाक्या यांच्या मधल्या. पाण्याच्या ड्रममध्ये दुसरा ड्रम पालथा आणि त्याच्या आत जाळीच्या टोपलीत कार्बाईड. गॅस साठला की तो आतलं पाणी खाली ढकलतो, टोपली कोरडी पडते, गॅस थांबतो. बनवायला सोपी, म्हणून पसरली. पण टोपलीतले खडे ओलेच असतात, तापलेलेही असतात. संध्याकाळी शटर ओढलं म्हणून ते शांत होत नाहीत. रात्री दुकानात साठलेला गॅस आणि सकाळी उघडताच पेटवलेली उदबत्ती यांची भेट कधी व्हायला नको.

दाबाचं गणित

बंद भांड्यातला सुटा अॅसिटिलीन साधारण एक किलो दाबाच्या वर नेऊ नये, हा जगभरचा नियम आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये साधारण तेवढीच हवा असते. त्यापुढं गेला की या गॅसला फुटायला हवेचीही गरज लागत नाही. म्हणून जुन्या बॉयलरची, कॉम्प्रेसरची टाकी घेऊन, पक्की वेल्ड करून 'जास्त प्रेशर'चा जनरेटर बनवणं म्हणजे बॉम्ब बनवणं आहे. टाकी जितकी मजबूत तितका धोका मोठा.

मग सिलिंडरमध्ये पंधरा पट दाबानं अॅसिटिलीन कसा भरतात? त्या मरून रंगाच्या सिलिंडरच्या पोटात स्पंजासारखा सच्छिद्र पदार्थ ठासलेला असतो, त्यात अॅसिटोन मुरवलेलं असतं आणि गॅस त्यात विरघळून बसतो. म्हणूनच हा सिलिंडर आडवा पाडून वापरायचा नसतो. या कामाशी स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांचं नाव जोडलेलं आहे. समुद्रातल्या दीपस्तंभांचे गॅसचे दिवे दिवसा आपोआप विझवणारी आणि रात्री लावणारी झडप त्यांनी बनवली. त्यासाठी १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी अॅसिटिलीनच्या चाचणीत स्फोट झाला आणि त्यांचे दोन्ही डोळे गेले. पारितोषिक घ्यायला त्यांचा भाऊ गेला, आणि तो डोळ्यांचा डॉक्टर होता.

पाण्याचा अडसर : सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित

टॉर्चच्या तोंडात कचरा अडकला, नोझल तापलं किंवा गॅसचा दाब पडला, की जास्त दाबाचा ऑक्सिजन गॅसच्या नळीत उलटा घुसतो. 'टप्' असा आवाज होऊन ज्योत मागं पळते. ती टाकीपर्यंत पोचू नये म्हणून मध्ये पाण्याचा अडसर असतो. संडासाच्या भांड्याखालच्या वळणात पाणी थांबून घाण वास अडवतं, तसंच काहीसं. टाकीतला गॅस पाण्याखाली सोडलेल्या नळीतून बुडबुडे काढत टॉर्चकडं जातो. उलटा दाब आला तर तो पाण्यालाच खाली रेटतो, गॅसच्या नळीत पाणी चढून वाट बंद होते आणि दुसऱ्या उघड्या नळीतून तो दाब बाहेर हवेत निघून जातो. या नळीचं टोक गॅसच्या नळीपेक्षा थोडं वर असतं, म्हणून ती आधी मोकळी होते. एवढ्या साध्या रचनेत फक्त पाणी भरलेलं हवं. उन्हाळ्यात ते उडतं, प्रत्येक 'टप्' नंतर थोडं बाहेर फेकलं जातं. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी पातळी बघणं हे दोन मिनिटांचं काम आहे. सिलिंडरवर काम करणाऱ्यांसाठी हेच काम फ्लॅशबॅक अरेस्टर नावाचा छोटा पितळी भाग करतो. तो दोन्ही नळ्यांना लावावा.

पितळी म्हटलं म्हणून एक गोष्ट. फ्रीजची तांब्याची नळी सांध्याला छान बसते, म्हणून काही जण ती वापरतात. तांब्याशी अॅसिटिलीनचा संयोग होऊन नळीत असा थर जमू शकतो की तो धक्क्यानंही फुटतो. ठरावीक प्रमाणापर्यंतच तांबं असलेलं पितळ चालतं, शुद्ध तांबं आणि चांदी अजिबात नाही.

आग लागली तर बादली नको

कार्बाईडच्या डब्याजवळ आग लागली की हात आपोआप पाण्याच्या बादलीकडं जातो. इथं पाणी म्हणजे आणखी गॅस. कोरडी वाळू किंवा कोरड्या पावडरीचा अग्निशामक हाच उपाय. म्हणून वाळूची बादली दुकानात झाकून, कोरडी ठेवायची. डबा घट्ट झाकणाचा आणि जमिनीपासून उंच हवा. तो हातोडी-छिन्नीनं फोडायचा नाही, टॉर्चनं तर नाहीच. कार्बाईडच्या साठ्यासाठी १९८७ चे केंद्राचे नियम आहेत. ठरावीक प्रमाणापुढच्या साठ्याला परवाना लागतो आणि ते काम पेसो ही संस्था बघते. तिचं मुख्यालय नागपूरलाच आहे.

हाच खडा दुकानातून सुटा बाहेर जातो तेव्हा दोन वाटांनी जातो. एक केळी-आंब्याच्या आढीत. फळं कार्बाईडनं पिकवायला कायद्यानं बंदी आहे, त्यातल्या आर्सेनिक-फॉस्फरसच्या अंशामुळं. करमाळा, टेंभुर्णीकडच्या केळी उत्पादकांना इथिलीनच्या रायपनिंग चेंबरची वाट माहीत आहेच. दुसरी वाट पोरांच्या हातात. प्लास्टिकच्या पाईपची 'तोफ' बनवून माकडं, डुकरं हुसकायला किंवा दिवाळीत आवाज काढायला. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा तोफांनी शंभराहून जास्त जणांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यात मुलंच जास्त. बार उडाला नाही म्हणून पोरगं पाईपमध्ये डोकावतं आणि तेव्हाच तो उडतो. डोळ्यात कार्बाईड किंवा चुना गेला तर चोळायचं नाही. दिसणारे कण आधी स्वच्छ कापडानं काढायचे, मग भरपूर स्वच्छ पाण्याची धार किमान पंधरा-वीस मिनिटं धरायची आणि १०८ ला फोन करून सरळ रुग्णालय गाठायचं. तूप, मध, दूध काही घालायचं नाही.

गाळ आणि भंगार

टाकीतला पांढरा गाळ निव्वळ चुना वाटतो, पण त्यात न विरघळलेले खडे असतात. तो बंद गटारात ओतला तर गटारात गॅस साठतो. उघड्या खड्ड्यात, माणसं-जनावरं फिरणार नाहीत अशा जागी काही दिवस ठेवावा. पुढं भिंतींना सफेदी द्यायला तो चालतो. शेतात टाकायची घाई नको, कारण आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच जमिनी आधीच चुनखडीच्या आणि अल्कधर्मी आहेत.

जुनी टाकी भंगारात द्यायची असेल तर ती कापण्याआधी गाळ काढून, काठोकाठ पाणी भरून, ओतून, पुन्हा भरून धुवावी आणि झाकण काढून उघड्यावर ठेवावी. वर्षभर बंद पडलेल्या टाकीच्या तळाशी, सुकलेल्या चुन्याच्या पापुद्र्याखाली एखादा खडा कोरडाच राहिलेला असतो.