ज्योत झाकली, चेहरा उजळला!

म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधले चित्रसंग्रहालय पाहून आलेली मंडळी बाकी काहीही विसरतील, पण हातात दिवा घेतलेली ती तरुणी विसरत नाहीत. आणि हमखास विचारतात, ‘‘रविवर्म्याचे चित्र ना ते?’’

नाही! राजा रविवर्मा १९०६ मध्येच वारले. हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे, सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे. नाव ‘ग्लो ऑफ होप’. चित्रासाठी उभी राहिली होती त्यांची मुलगी, गीता.

चित्राची सारी जादू तिच्या हातांत आहे. एका हातात दिवा, दुसरा ज्योतीला आडोसा धरणारा. त्यामुळे ज्योत झाकली जाते आणि दिसतो तो तिचा उजेड, बोटांतून झिरपणारा, बोटांच्या कडा लालसर करणारा. (लहानपणी बॅटरीवर तळहात धरून हा खेळ कुणी केला नसेल?) दिवा चेहऱ्याच्या खाली असल्याने उजेड वर चढतो आणि चेहरा सोनेरी होतो. भोवती मात्र अंधार दाटलेला. पाहणाऱ्याची नजर भटकायला जागाच उरत नाही! ती हातावरून चेहऱ्यावर जाते आणि पुन्हा हाताकडे येते.

आता रंग पाहा. उजेड पिवळा-नारिंगी, साडी जांभळट. रंगचक्रात पिवळा आणि जांभळा समोरासमोर बसतात. असे विरोधी रंग शेजारी आले की एकमेकांना उठाव देतात. साडीला काठ निवडणाऱ्या गृहिणींना हे वेगळे सांगायला नको. इथे साडी पिवळी असती, तर दिव्याचा उजेड तिच्यातच विरून गेला असता.

खरी कसोटी तर पुढेच आहे. हे तैलचित्र नाही, जलरंगातले आहे. तैलरंगात चुकले तर वरून फिकट रंग चढवता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे राखून ठेवलेला कागदच. तिथे गडद रंग ओघळला की उजेड गेलाच. म्हणून लख्ख जागा आधी ठरवायच्या आणि त्या जपत अंधार वाढवत न्यायचा. एवढ्या काळोख्या चित्रात हे किती जिकिरीचे, ते शाळेत रंगपेटी हाताळलेल्या कुणालाही कळेल.

गीताबाई उपळेकर २०१८ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, कोल्हापुरात वारल्या. त्यांचे हे चित्र कुठे छापलेले दिसले, तर खाली नाव कुणाचे घातले आहे तेवढे जरूर बघा.